आम्हां पंचांसमक्ष

२००९च्या एप्रिलमध्ये एका रात्री मामाकडे जेवणं उरकून आम्ही सगळे बातम्या बघत बसलो होतो, आणि मी चांगल्या मोठ्या आवाजात म्हणालो, "पण त्याला वकील द्यायचाच कशाला?" 'त्याला' म्हणजे कसाबला, हे सांगावं लागलं नाही. त्या वर्षी 'तो' म्हणजे तोच असायचा. खोलीत सात-आठ माणसं होती, एकानेही हरकत घेतली नाही. उलट कुणीतरी म्हणालं, भर चौकात लटकवा, खर्च तरी वाचेल. त्यावर माना डोलल्या आणि आम्ही पुढच्या बातमीकडे वळलो.

मामा तेवढा गप्प होता. मामाची सगळी नोकरी सत्र न्यायालयात गेली, बेंच क्लार्क म्हणून. न्यायाधीशांच्या पुढ्यात, जरा खालच्या अंगाला बसून रोजनामा लिहिणारा माणूस. फाशीच्या शिक्षा त्याने कानांनी ऐकल्या होत्या आणि मुद्देमालातल्या चोरीच्या सायकलींच्या याद्याही हाताने केल्या होत्या. त्यामुळे कोर्टाचा विषय निघाला की घरात सगळे बोलायचे आणि तो ऐकायचा. त्या रात्री मात्र त्याने टीव्हीचा आवाज कमी केला आणि मला विचारलं, "त्या खटल्यात आरोपी किती आहेत रे?"

"म्हणजे? एकच."

"फरार सोड. कोर्टात हजर आहेत ते किती?"

"एकच ना."

"तीन," मामा म्हणाला, आणि त्याने आवाज पुन्हा वाढवला.

मी तेव्हा रोज दोन वर्तमानपत्रं वाचत होतो. हल्ल्याचे ते तीन दिवस टीव्हीसमोरून हललो नव्हतो. कसाबचं गाव, त्याची बोट, त्याच्या पाठीवरची सॅक सगळं पाठ होतं. आणि त्याच पिंजऱ्यात आणखी दोघे भारतीय आरोपी उभे आहेत, त्यांच्याही गळ्याशी तोच दोर आहे, याचा मला पत्ताच नव्हता. छापून आलं होतंच, लपवलं कुणीच नव्हतं. माझी नजर त्या ओळींवरून घसरून गेली होती.

त्या दिवसांची हवा आता आठवून बघावी लागते. आदल्या डिसेंबरातच मुंबईतल्या वकिलांच्या एका संघटनेने कसाबचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असा ठराव केला होता. मार्चअखेर न्यायालयाने अंजली वाघमारे यांना त्याच्या वकील म्हणून नेमलं, तर त्याच रात्री त्यांच्या घरावर जमाव चालून गेला, दगड पडले. त्यांनी ते काम मागून घेतलेलं नव्हतं, न्यायालयाने दिलेलं होतं. पण आम्हाला ते दगड फारसे खटकले नाहीत. 'अति झालं, पण लोकांच्या भावना आहेत' एवढंच. मग ती बिर्याणी आली. कसाब तुरुंगात मटण बिर्याणी मागतो, ही गोष्ट तर आम्ही वर्षानुवर्षं चघळली. मी स्वतः ती किमान वीस जणांना वाढली असेल. २०१५ साली खुद्द सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी जाहीरपणे सांगितलं की तसं काही नव्हतंच, त्याच्याबद्दल सहानुभूतीची लाट उठू नये म्हणून ते आपणच रचलं होतं. ते वाचून मी हसलो. ज्या वीस जणांना बिर्याणी वाढली होती त्यांतल्या एकालाही फोन करून सांगितलं नाही की ती खोटी होती.

तर ते दुसरे दोघे. एक मुंबईचा, एक बिहारचा. आरोप असा की पहिल्याने हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे हाताने काढले, काठमांडूत दुसऱ्याच्या हवाली केले आणि दुसऱ्याने ते 'लष्कर-ए-तोयबा'कडे पोचवले. पुरावा काय, तर त्यांतला एक नकाशा सापडला होता. कुठे? कसाबचा साथीदार अबू इस्माईल गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर चकमकीत मारला गेला, त्याच्या पॅन्टच्या खिशात. खिशातला नकाशा म्हटल्यावर आणखी काय हवं? दोषारोपपत्रात हे एक वाक्य म्हणून वाचलं की अंगावर काटा येतो.

पण न्यायाधीश ताहलियानींनी वाक्य बाजूला ठेवून कागद पाहिला. पॅन्ट रक्ताने माखलेली होती. कागदावर रक्ताचा एक डाग नव्हता. धड चुरगळलेलाही नव्हता. जो माणूस समुद्रातून आला, सीएसटीवर गोळ्या झाडत फिरला, कामा रुग्णालयाच्या गल्लीत लपला, पळवलेल्या गाड्यांतून चौपाटीपर्यंत गेला आणि तिथे गोळ्या लागून मेला, त्याच्या खिशातून निघालेला कागद कोरा करकरीत. ३ मे २०१० रोजी कसाब दोषी ठरला आणि हे दोघे सुटले. सरकार अपिलात गेलं. २०११मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दोघांची सुटका कायम ठेवली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी मामाकडे गेलो तेव्हा त्याने वर्तमानपत्राची ती घडी माझ्यापुढे सरकवली. "बघितलंस? डागसुद्धा नाही." मामाच्या चेहऱ्यावर जे होतं ते कसं सांगावं? आनंद नव्हताच. एखाद्या जुन्या कारागिराला दुसऱ्याचं काम नीट झालेलं दिसल्यावर होतं, तसलं काहीतरी.

मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं की तो कागद एरवी कुणी पाहिलाच नसता. कसाबला चौकात लटकवलं असतं तर त्याच्या शेजारी आणखी दोन दोर लागले असते, आणि आपल्याला ते मोजावेसेही वाटले नसते. मी तर एकच मोजत होतो. आणि कसाब जिवंत हाती लागला तो कसा? सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलल्या पण त्याच्या बंदुकीची नळी सोडली नाही. मेलेल्याचा खटला चालत नाही. ओंबळ्यांनी जीव देऊन ज्याला कोर्टापर्यंत पोचवलं, त्याला कोर्टच नको असं मी पोट भरल्यावर सोफ्यावर बसून म्हणत होतो.

कागद पाहायला लावणाऱ्यांपैकी एक माणूस निकाल ऐकायला नव्हता. नकाशा काढल्याचा ज्याच्यावर आरोप होता, त्याचे वकील होते शाहिद आझमी. स्वतः टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याखाली काही वर्षं तिहारमध्ये काढलेले, बाहेर आल्यावर कायदा शिकलेले. निकालाच्या जेमतेम तीन महिने आधी, ११ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांना कुर्ल्याच्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालण्यात आल्या. ते बत्तीस वर्षांचे होते. ही बातमी मी वाचल्याचं मला आठवत नाही. वाचलीच असणार.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. ते दोघे काही पेढे वाटत घरी गेले नाहीत. हल्ला झाला तेव्हाही ते उत्तर प्रदेशात अटकेतच होते, रामपूरच्या 'सीआरपीएफ' तळावरील हल्ल्याच्या प्रकरणात, आणि मुंबईच्या निकालानंतरही तो खटला त्यांच्यामागे होताच. म्हणजे 'बिचारा निरपराध कारकून' अशी ही कथा नाही. आपल्याला हक्कांची कथा ऐकायची तर तशीच लागते: आरोपी गोरगरीब, पापभीरू, आई वाट बघत दारात. मग डोळे पाणावतात. पण कागद स्वच्छ आहे की रक्ताळलेला, याचा तो माणूस सज्जन असण्याशी संबंध नाही. मामा या बाबतीत फार कोरडा होता. त्याला आरोपींबद्दल कधी दया वाटल्याचं मी पाहिलं नाही. पाकिटमाराला तो पाकिटमारच म्हणायचा. पण पंचनाम्यात वेळ सकाळी दहाची आणि पंच म्हणतोय संध्याकाळ, असं झालं की त्याचा जेवणात जीव लागायचा नाही.

आणखी एक गंमत आहे, तिला गंमतच म्हणतो. ऑगस्ट २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली. त्याच निकालपत्रात न्यायालयाने देशभरच्या दंडाधिकाऱ्यांना बजावलं की अटक झालेला माणूस पहिल्यांदा समोर उभा केला जाईल तेव्हाच त्याला सांगायचं: तुला वकिलाचा हक्क आहे, परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मिळेल. हे सांगण्यात कसूर झाली तर दंडाधिकाऱ्याची खातेनिहाय चौकशी होऊ शकते. म्हणजे आज कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात मोबाइल चोरीत धरलेल्या पोराला हे विचारलं जात असेल, तर ते ज्या निकालाच्या आधाराने, तो कसाबचा आहे. नोव्हेंबरात त्याला येरवड्यात फाशी झाली त्या दिवशी आमच्या कार्यालयात पेढे आले. निकालपत्राचं हे पान कुणाच्या गावी नव्हतं. मीही ते पुढे पुष्कळ वर्षांनी वाचलं.

आपल्याच देशाला नावं ठेवायला नकोत, हे सगळीकडचं आहे. १९७४च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं मेली. सहा आयरिश माणसांना धरलं, मारहाण करून कबुल्या घेतल्या, जन्मठेप दिली. त्यांतल्या काहींच्या हातांवर स्फोटकांचे अंश सापडल्याचं एका तज्ज्ञाने छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांतले पाच जण त्या संध्याकाळी आगगाडीत पत्ते खेळत निघाले होते. पत्त्यांवरच्या गुळगुळीत लेपामुळेही ती चाचणी तसाच निकाल देऊ शकते, हे बाहेर यायला वर्षं गेली. मधे १९८०मध्ये त्यांनी पोलिसांविरुद्ध मारहाणीचा दावा लावला, तर लॉर्ड डेनिंगसारख्या नामांकित न्यायाधीशाने तो फेटाळताना जे कारण दिलं त्याचा मथितार्थ असा की हे खरं निघालं तर पोलीस खोटं बोलले असं ठरेल, आणि ते दृश्य इतकं भयंकर आहे की प्रकरण पुढे जाऊच नये. १९९१मध्ये ते सहा जण सुटले. सोळा वर्षं. अमेरिकेत २००७ साली संरक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्याने ग्वांतानामोच्या तुरुंगातल्या कैद्यांची वकीलपत्रं घेणाऱ्या कंपन्यांची नावं रेडिओवर वाचून दाखवली आणि त्यांच्या बड्या अशिलांनी आता विचार करावा असं सुचवलं. ओरड झाली, त्याला माफी मागावी लागली, पद सोडावं लागलं. आपल्याकडच्या वकिलांच्या असल्या ठरावांना सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या डिसेंबरात रद्दबातल ठरवलं. तरी ते अधूनमधून होतातच.

मला यात सगळ्यात जास्त छळतं ते शब्दांचं गळणं. पहिल्या दिवशी 'संशयित' असतो. दुसऱ्या दिवशी मथळ्यात जागा कमी म्हणून 'अतिरेकी' होतो. तिसऱ्या दिवशी 'मास्टरमाइंड', आणि हे मास्टरमाइंड एकेका स्फोटामागे चार-चार निघतात. त्याला कोर्टात नेतानाचा फोटो असतो, तोंडावर काळं फडकं. ते फडकं खरं तर त्याच्यासाठी असतं, पुढे साक्षीदारांनी ओळखपरेडमध्ये त्याला निखळ ओळखावं म्हणून. पण आपल्याला त्यातून उलटंच दिसतं. चेहरा नाही म्हटल्यावर आपण आपल्या मनातला बसवतो.

त्यात कायदाच असा आहे की कागद पाहायची वेळ लवकर येत नाही. 'यूएपीए' या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४३ड मध्ये २००८ साली, २६/११च्या धक्क्यात, जामिनाची तरतूद घातली गेली. एरवी गंभीर गुन्ह्यातही नव्वद दिवसांत दोषारोपपत्र यावं लागतं, इथे मुदत एकशे ऐंशी दिवसांपर्यंत वाढवून मिळते. आणि दोषारोपपत्र पाहून आरोप प्रथमदर्शनी खरे वाटत असतील तर दहशतवादाच्या गुन्ह्यांत जामीन द्यायचा नाही. आता पुन्हा तो नकाशा आठवा. दोषारोपपत्रात काय लिहिलेलं असणार? मृताच्या खिशात नकाशा सापडला. प्रथमदर्शनी यात खोट काय आहे? डाग नाही हे उलटतपासात कळतं. उलटतपास खटला उभा राहिल्यावर होतो. खटला कधी उभा राहील हे मामासुद्धा सांगू शकला नसता. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०१६ ते २०१९ या चार वर्षांत या कायद्याखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जण दोषी ठरले. हे दोन्ही आकडे त्याच माणसांचे नव्हेत, हे मला कळतं. एका वर्षी धरलेल्याचा निकाल पुष्कळ पुढे लागतो. पण मग मधली वर्षं हीच त्याची शिक्षा, निकाल लागो न लागो.

मग २०२५चा जुलै उजाडला. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांतल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यांतल्या पाच जणांना खालच्या कोर्टाने फाशी सुनावली होती. एक जण आधीच तुरुंगात वारला होता. १८७२च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनी लिहून ठेवलं होतं की पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून धरायची नाही. आपले पोलीस कबुली कशी काढतात हे त्यांना चांगलं माहीत होतं. टाडाने ती भिंत पाडली, संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मोक्का कायद्याने ती तशीच पडलेली ठेवली. या खटल्याचा डोलारा त्या मोक्काखालच्या कबुल्यांवर होता, आणि न्यायालयाला वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांत शब्दशः सारखे भाग आढळले. जशी वर्गात दोन पोरं एकाच वहीतून उतरवतात. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत द्यायचा नाही असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. ३१ तारखेला विशेष न्यायालयाने २००८च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सोडले. त्यांच्यातल्याही काहींनी कोठडीतल्या छळाच्या तक्रारी केल्या होत्या.

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर हे दहा दिवस बघण्यासारखे होते. २१ तारखेला 'न्यायव्यवस्था विकली गेली' म्हणणारा माझा एक चुलतभाऊ ३१ला 'सत्यमेव जयते' म्हणाला. आमच्यातलीच एक पुरोगामी वहिनी २१ला भारावून गेली होती, तिला ३१ला 'पुरावे नीट मांडलेच नाहीत, सगळे सुटणारच' असं वाटलं. दोघांनीही दोन्हींपैकी एकही निकाल वाचलेला नव्हता. मी दोघांच्याही संदेशांना अंगठा दिला, घरातली शांतता म्हणून.

लोकलमध्ये १८०हून जास्त माणसं गेली होती. त्यांच्या घरच्यांना कोण काय सांगणार? उच्च न्यायालयाने निकालाच्या सुरुवातीलाच म्हटलं आहे की गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केला की लोकांचं समाधान होतं आणि खरा धोका मोकळाच राहतो. एकोणीस वर्षं ते समाधान मीही उपभोगलं. 'पकडले ना' म्हणून.

त्या ऑगस्टमध्ये मामाकडे गेलो होतो. मामा आता चौऱ्याऐंशीचा, ऐकू कमी येतं, पण पेपर वाचून ठेवलेला असतो. या निकालांवर बोलता बोलता मी त्याला एक जुनी गोष्ट सांगितली, जी तोवर कुणालाच सांगितली नव्हती.

वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतल्या स्कूटरींच्या स्टेपन्या चोरीला जात होत्या. एका सकाळी हवालदार आले, दोन पंच हवेत म्हणाले. मी आणि शेजारचे एक गृहस्थ गेलो. चौकीत टेबलावर दोन स्टेपन्या आणि एक पान्हा. भिंतीशी एक मुलगा उकिडवा बसलेला, सतरा-अठराचा असेल. तो माझ्या बुटांकडे बघत होता. पंचनामा लिहून तयार होता, निळ्या शाईत, अक्षर सुरेख. हवालदार भला माणूस, म्हणाले, "वाचून घ्या साहेब." आरोपीने आम्हां पंचांसमक्ष जिन्याखालची जागा दाखवली आणि पान्हा काढून दिला, असं त्यात होतं. आम्ही तर खुर्चीवरून उठलोही नव्हतो. मला नऊची बस होती. मेणबत्तीवर लाख वितळवून त्यांनी पान्ह्याच्या पुडक्याला सील केलं, त्या वासासकट मला सगळं आठवतं. आम्ही सह्या केल्या, पंचनाम्यावर एक आणि लेबलावर एक.

"समन्स आलं होतं का तुला नंतर? साक्षीला?" मामाने विचारलं.

"नाही. कधीच नाही."

मामाने जरा हिशोब केला. "मग त्याने गुन्हा कबूल केला असणार. वकील नसला की करतात." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "वाचलं होतंस का सगळं?"

वाचलं होतं. वरच्या ओळीत माझ्या आडनावाची वेलांटी चुकली होती. ती मी त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतली होती.